दोनापावलाच्या ब्रिटिश दफनभूमीसाठी हात हवेत, तारेचा ब्रश नको

पाऊस ओसरला की गोव्यात दोनापावलाला, राज्यपालांच्या निवासस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या ब्रिटिश दफनभूमीत रान माजते. दसऱ्यानंतरचे चार रविवार, सकाळी ७ ते १०, रीतसर परवानगी घेऊन आमच्या मंडळाचे आम्ही सभासद तिथे श्रमदान करणार आहोत. माणसे हवीत, थोडे पैसेही हवेत.

"गोव्यात इंग्रज कुठले?" असे दरवेळी कुणीतरी विचारतेच. होते. नेपोलियनच्या काळात फ्रेंच इथे उतरतील या धास्तीने १७९९ मध्ये त्यांनी फौज आणून बसवली. झेंडा पोर्तुगीजांचाच, पण काबोच्या भूशिरावर आणि आग्वादच्या किल्ल्यावर शिबंदी इंग्रजांची. फ्रेंच काही फिरकले नाहीत. १८१३ मध्ये फौज निघून गेली, मेलेले राहिले. लढाई झालीच नव्हती, म्हणजे बहुतेकांना तापाने, आजारपणानेच नेले असणार. पुढेही गोव्यात वारलेल्या इंग्रजांना इथेच पुरत.

मग त्यांच्या कबरी आपण का साफ करायच्या? दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, बाकी सिमितेरींत (ख्रिस्ती दफनभूमींत) फुले-मेणबत्त्या घेऊन घरची माणसे येतात. इथे येणारे घरचे कुणी नाही, एवढेच.

आता कळकळीची सूचना. गेल्या वर्षी आमच्यातल्याच एकाने उत्साहाच्या भरात तारेचा ब्रश चालवला. शेवाळ गेले, आणि त्याबरोबर एका नावाची शेवटची तीन अक्षरेही. तेव्हा मऊ ब्रश आणि साधे पाणी, बस्स. ॲसिड, साबण नको. अक्षरे खडूने गिरवायची नाहीत. आरशाने ऊन तिरपे पाडले की पुसट अक्षरेही उठून दिसतात, तेव्हाच फोटो काढायचा आणि वहीत जसेच्या तसे उतरवायचे. चिऱ्यांत घुसलेली पिंपळाची मुळे ओढायची नाहीत, अख्खा चिरा हातात येतो.

पैसे मुख्यतः चुन्यासाठी आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याच्या मजुरीसाठी लागणार आहेत. सिमेंट स्वस्त पडते, कबूल. पण ते ओल आत कोंडते आणि जांभा भुसभुशीत होत जातो. दहा रुपये दिले तरी पावती मिळेल. कोयते, हातमोजे, जुने आरसे दिलेत तरी चालतील.

येणाऱ्यांनी मंडळाच्या कुठल्याही सभासदाला आधी कळवावे. पायांत बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, पिण्याचे पाणी आपापले. गवतात सापकिरडू असते, म्हणून लहान मुलांना पहिल्या रविवारी आणू नका. दुसऱ्यापासून जरूर आणा, आरसा धरायला तीच लागतात.