सॅक घेऊन येणाऱ्यांना वेंगुर्ल्यात कॉट मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीवर सॅक घेऊन एसटीने फिरणाऱ्या आणि एखाद्या लहान किनारी गावात दोन-तीन रात्री राहू इच्छिणाऱ्या तरुण प्रवाशांचा विचार आपल्याकडील पर्यटनाच्या नियोजनात फारसा होत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. उदाहरण वेंगुर्ल्याचे घेतो, कारण आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे तिथे जाणारी कोल्हापूरची अनेक मुले-मुली माझ्या परिचयाची आहेत.

प्रवासाचा प्रश्न एसटीने बराचसा सोडवलेला आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. अडते ते मुक्कामापाशी. खोलीचे भाडे दोघांचे किंवा कुटुंबाचे धरलेले असते, ते एकट्याला पूर्ण भरावे लागते आणि प्रवासी एकटी मुलगी असेल, तर पूर्ण भाडे द्यायची तयारी असूनही ‘फॅमिली असेल तरच’ असे उत्तर मिळते. माझी भाची नोकरी करते, स्वतःच्या पैशाने फिरते. किनाऱ्यावरच्या एका लॉजमध्ये तिला ओळखपत्र हातात असताना तिन्हीसांजेला हेच ऐकावे लागले. अखेर गावातल्या एका शिक्षिकेने तिला आपल्या घरी नेले, म्हणून निभावले. एकट्या सज्ञान व्यक्तीला खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे मात्र बंधनकारक आहे. ते काम अवघड नसले, तरी कसे करायचे हे कोणी समजावून न दिल्याने अनेक घरमालक परदेशी प्रवाशाला परस्पर गोव्याची वाट दाखवतात.

मालकांची भीती सर्वस्वी निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. शनिवार-रविवारी घाटावरून गाड्या भरून उतरणाऱ्या आणि वाळूत बाटल्या फोडून जाणाऱ्या टोळक्यांनी ती निर्माण केली आहे, आणि त्यांत आपल्या भागातली मुलेही असतात, याची कोल्हापूरकर म्हणून लाज वाटते. पण त्यांची शिक्षा, पुस्तक आणि पंचा घेऊन आलेल्या प्रवाशाने का भोगावी?

सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पर्यटक बंदर, दीपगृह आणि सागरेश्वरचा किनारा उरकून रेडीच्या गणपतीकडे वळतो. मुक्कामाला राहिलेल्याला पहाटे रापण पाहायला मिळते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले जाळे, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून वाळूत टाचा रोवत मागे मागे सरकणाऱ्या माणसांच्या दोन रांगा, जाळे जवळ येईल तशा खाली उतरणाऱ्या घारी आणि शेवटी वाळूवर पडणारे तारल्या-बांगड्यांचे वाटे, हे सारे डोळ्यांसमोर घडते. दोराला हात लावणाऱ्यालाही चार मासे द्यावेत, अशी तिथली रीत आहे. दुसऱ्या दिवशी एसटीने आरवलीला गेले, की वेतोबासमोर नवसाचे केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा दिसतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी गावकऱ्यांची श्रद्धा आहे. जवळच शिरोडे आहे. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, आणि पुढे कोल्हापूरचे झालेले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात तिथल्याच शाळेत शिकवत होते. आपल्या शहरातल्या किती विद्यार्थ्यांनी ते गाव पाहिले आहे? गाव असे पायी आणि सावकाश पाहायचे, तर रात्र काढण्यापुरती स्वस्त जागा हवी.

असा प्रवासी खर्च कमी करतो हे खरे, पण त्याचा पैसा खानावळीत, चहाच्या टपरीवर, काजू विकणाऱ्या बाईकडे आणि रिक्षावाल्याकडे थेट जातो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून चर्चा मोठ्या प्रकल्पांचीच अधिक होते. स्वयंपाकघराला लागून एक जादा खोली असलेल्या घराचा विचार मात्र मागे राहतो. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत अशा घरांना एक खोली कॉट बेसिसवर, म्हणजे पूर्ण खोलीऐवजी एकेका खाटेचे भाडे घेऊन, देण्यास उत्तेजन मिळावे, मुलींसाठी वेगळी खोली, कुलपाचे कपाट आणि स्वच्छ संडास-न्हाणी एवढ्या अटी असाव्यात. कोल्हापुरात विद्यार्थी आणि नोकरदार वर्षानुवर्षे कॉट बेसिसवर राहत आले आहेत, त्यामुळे ही पद्धत आपल्याला नवीन नाही. कचऱ्याचे वर्गीकरण करून स्वतःच्या कचरा डेपोचा कायापालट करणाऱ्या वेंगुर्ले नगर परिषदेला हे अवघड जाईल, असे मला वाटत नाही.

प्रवाशांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये, कोळणींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि ज्या घरी उतरलो तिथे ताटात येईल ते माशांचे तिखले-भात आनंदाने खावे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा हट्ट कोल्हापुरात परतल्यावर धरता येतो.

पावसाळा संपून हंगाम सुरू होण्यापूर्वी निदान एक गोष्ट सहज करता येईल. एकट्या प्रवाशाला माणशी दराने जागा देणाऱ्या घरांची यादी, त्यांचे दर आणि वेंगुर्ले, आरवली, शिरोडे या मार्गावरील शेवटच्या गाडीची वेळ कोल्हापूर, सावंतवाडी आणि वेंगुर्ले या तिन्ही बस स्थानकांवर मराठीत आणि इंग्रजीत लावावी, अशी एसटी महामंडळाला आणि पर्यटन विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर