सूचना : रविवारच्या वाचनबैठकीबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ग्रंथालयाची वाचनबैठक येत्या रविवारी सायंकाळी सात वाजता होईल. या वेळी सू ग्राफ्टन यांच्या किन्सी मिलहोन या खासगी महिला गुप्तहेराच्या कादंबरीमालेवर चर्चा असून, पहिल्या कादंबरीचे कथानक मराठीत सांगितले जाणार असल्याने इंग्रजी जड जाते म्हणून कोणीही घरी राहू नये.

१९८२ ते २०१७ या काळात इंग्रजी वर्णमालेतील ‘ए’पासून ‘वाय’पर्यंत एकेका अक्षरावरून नाव दिलेल्या २५ कादंबऱ्या आल्या, ‘झेड’ लिहिण्यापूर्वीच लेखिकेचे निधन झाले. कथेतील काळ मात्र १९८०च्या दशकातच राहतो, त्यामुळे किन्सी मोबाईलशिवाय, टिपणांची कार्डे पुन्हा पुन्हा मांडून तपास करते, आणि मालेचे खरे बळ आम्हाला तिथेच दिसते.

ज्यांच्याकडे मालेतील प्रती आहेत, त्यांनी त्या शनिवारपर्यंत जमा कराव्यात. एका प्रतीत खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली आढळली. पुढच्या वाचकाचा आनंद हिरावणारे असे काही कृपया करू नये.

कापूस वेचणीच्या दिवसांमुळे वावरातून उशिरा येणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवली जाईल.

— ग्रंथपाल