झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरीचे आभार

गेल्या महिन्यात मेसेज आला, 'बिल भरलेलं नाही, आज रात्री वीज तोडणार.' मी तेव्हा राजारामपुरीत झेरॉक्सच्या रांगेत. वय 71, चष्मा घरी. त्यातल्या नंबरवर फोन केला. समोरच्यानं गोड बोलून एक ॲप घ्यायला लावलं आणि कार्डावरून 10 रुपये भरायला सांगितले.

काउंटरवरच्या पोरीनं माझं बोलणं ऐकलं. 'काका, फोन द्या हिकडं,' म्हणत आधी नेट बंद केलं. त्या ॲपमधून आपला सगळा स्क्रीन त्याला दिसतो, हे मला तेव्हा कळलं. तोवर 4,800 रुपये गेलेले. तिनं लगेच स्वतःच्या फोनवरून 1930, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर, लावून दिला, बँकेला सांगून कार्ड बंद करायला लावलं. मागं गिऱ्हाइकं कुरकुरली, तर 'जरा थांबा ओ' एवढंच.

पैसे अजून आलेले नाहीत. पण 'एवढं शिकलेले असून कसं फसलात' असं ती एकदाही म्हणाली नाही. (घरी पुष्कळदा ऐकलं.) उलट, दुपारी गर्दी नसते तेव्हा या म्हणाली. चार गुरुवार झाले, मला कॉम्प्युटरपुढं बसवते. माउस माझ्याच हातात, ती हात लावत नाही. चुकलो तरी घाई नाही. वहीत ठसठशीत अक्षरांत लिहून दिलंय: 'पैसे घ्यायला पिन लागत नाही.'

काल विजेचं बिल मी स्वतः भरलं. फी विचारली तर म्हणाली, 'चहा पाजा.'

पोरी, नाव नको म्हणालीस म्हणून लिहीत नाही. मनापासून आभार. चहा गुरुवारी.