जिवाणू तपासणीचा अहवाल मागे घेऊन विनामूल्य फेरतपासणी करण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पाणी तपासणी प्रयोगशाळा

विषय : नळाच्या पाण्याचा जिवाणू तपासणी अहवाल अमान्य असल्याबाबत

महोदय,

आमच्या सोसायटीतल्या तीन नळांच्या पाण्याचा आपला अहवाल मिळाला. तिन्ही रकान्यांत ‘एमपीएन : ०’ (१०० मिलीतील कोलिफॉर्म जिवाणूंची संभाव्य संख्या) आणि खाली ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का. पाणी खराबच आहे असे आमचे म्हणणे नाही. हे नमुने ज्या रीतीने घेतले आणि तपासले, त्यावरून ते चांगले की वाईट हे कोणालाही सांगता येणार नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याचा पुरावा आपल्याच कागदावर आहे.

अहवालात उर्वरित क्लोरीन ०.३ मिग्रॅ प्रति लिटर दाखवला आहे, मोजल्याची जागा ‘प्रयोगशाळा’. आपल्या माणसाने प्रत्येक नळाची एकच बाटली भरली, पावतीवरही तीनच बाटल्या आहेत. म्हणजे क्लोरीन जिवाणूंच्याच बाटलीतून मोजला गेला. या बाटलीत आधीपासून सोडियम थायोसल्फेट घातलेले असावे लागते. १२० मिलीच्या बाटलीला ३ टक्के द्रावणाचे ०.१ मिली पुरते, आणि लिटरमागे ५ मिग्रॅपर्यंतचा क्लोरीन त्याने जागच्या जागी निकामी होतो. मग प्रयोगशाळेत ०.३ उरला कसा? भरण्याआधी बाटली नळाखाली तीनदा खळखळून विसळली म्हणून. रासायनिक तपासणीची बाटली विसळतात, जिवाणूंची कधीच नाही. विसळली की थायोसल्फेट मोरीत जाते आणि क्लोरीन वाटभर जिवाणू मारत बसतो. नळाला जे जिवाणू असतील ते आपल्या टेबलापर्यंत जिवंत पोचणारच नाहीत. नळाखाली पेला धरून पिणाऱ्याला एवढा अवधी मिळत नाही.

अवधीही थोडाथोडका नाही. नमुने सकाळी ७.१० ला घेतले, आपल्याकडची आवक नोंद दुसऱ्या दिवशीची ११.३०. म्हणजे २८ तास २० मिनिटे, आणि डब्यात बर्फ नव्हता. तपासणी शक्यतो ६ तासांत आणि थंड ठेवूनही २४ तासांच्या आत सुरू व्हायला हवी. उशीर झालेला नमुना परत पाठवायचा असतो, निदान अहवालात तसा शेरा तरी मारायचा असतो. इथे दोन्ही नाही.

पुढची गोष्ट तारखांची. आवकेच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी अहवाल तयार, आणि पद्धत लिहिली आहे आयएस १६२२, म्हणजे पाण्याच्या जिवाणू तपासणीचे भारतीय मानक. मॅकॉन्की ब्रॉथच्या (जिवाणू वाढवायच्या द्रवाच्या) नळीत २४ तासांत वायू दिसला नाही म्हणून ती निगेटिव्ह ठरत नाही, पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवून ४८ तासांनी बघावी लागते. हे ४८ तास कुठे गेले?

आणि ‘०’ हा आकडा आला कुठून? आपण नऊ नळ्या लावल्या : १० मिलीच्या ३, १ मिलीच्या ३, ०.१ मिलीच्या ३. बेरीज ३३.३ मिली. सगळ्या कोऱ्या राहिल्या तरी एमपीएनचा तक्ता १०० मिलीत ‘३ पेक्षा कमी’ असेच उत्तर देतो, शून्य देत नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकाला, आयएस १०५०० ला, १०० मिलीत ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू) आणि एकूण कोलिफॉर्म (तो ज्या गटात येतो ते सगळे जिवाणू) दोन्ही आढळता कामा नयेत. तिसरा हिस्सा तपासून पूर्ण पाण्याला दाखला देता येत नाही. ई. कोलायचा तर रकानाच नाही.

एका नळाच्या तोंडाला पंचाचे फडके बांधलेले होते. गाळ अडावा म्हणून लोक बांधतात, ते महिनोन्‌महिने ओले राहते. नमुना त्या फडक्यातूनच घेतला. दुसरा नमुना गच्चीवरच्या टाकीचा आहे; तो आमच्या टाकीबद्दल सांगेल, नगरपरिषदेच्या पाण्याबद्दल नाही.

हा अहवाल फलकावर लागला असता तर लोकांनी पाणी उकळणे थांबवले असते. इचलकरंजीत २०१२ साली पाण्यातून काविळीची साथ पसरली होती, हे आपल्याला सांगायला नको.

तरी हा अहवाल लेखी रद्द करून ८ दिवसांत आपल्या खर्चाने पुन्हा नमुने घ्यावेत. टाकीचा नमुना नको. तिन्ही नमुने थेट लाइनवरच्या नळांचे घ्यावेत. फडके, जाळी, पाइप काढून तोंड पुसावे. धातूचा नळ स्पिरिटच्या बोळ्याने जाळावा, प्लास्टिकचा हायपोक्लोराइटने पुसावा. मग २-३ मिनिटे पाणी सोडून बाटली न विसळता भरावी, वर दोन बोटे हवा ठेवावी. क्लोरीन नळापाशीच, वेगळ्या भांड्यात मोजावा. तपासणी १०० मिलीची करावी, मेम्ब्रेन फिल्टरने किंवा ५० मिलीची एक व १० मिलीच्या पाच नळ्या लावून. अहवालावर एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचे) चिन्ह आहे, तेव्हा जिवाणू तपासणी आपल्या मान्यतेच्या व्याप्तीत येते का, त्या पानाची प्रतही द्यावी. हे न झाल्यास ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

चौथी एक बाटली पहिल्या पाण्याची हवी. लाइन दिवसभर रिकामी असते, तेव्हा गटाराशेजारच्या ढिल्या जोडांतून घाण आत ओढली जाते आणि पाणी सुटले की तीच आधी नळाला येते. या बाटलीसाठी नळ आधीच जाळून ठेवावा आणि पाणी न सोडता पहिलीच धार घ्यावी. पाणी ६.४५ ला येते, आपला माणूस साडेसहाला हजर असावा.

आपले,
पाणी समिती, गृहनिर्माण सोसायटी

सोबत : अहवाल व पावतीची छायाप्रत