'पेडल?' विचारणाऱ्या काकांना

प्रिय काका,

शि. सा. न. वि. वि.

आभाराचं पत्र शर्यत झाल्यावर लिहायचं असतं, हे मला कळतं. पण तेव्हा लिहिलं तर त्यात निकाल शिरणार. निकाल चांगला लागला तर आभार ढोलताशासारखे वाजतील, वाईट लागला तर सांत्वनासारखे वाटतील. म्हणून शर्यतीला अकरा दिवस असतानाच लिहून टाकते. आणि चारचौघांत लिहिते, कारण तुम्हाला एकट्याला लिहिलं असतं तर तुम्ही "बरं बरं, गाडीचं सांग" म्हणून मोकळे झाला असता.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमचा संघ लहान. एक स्पोर्ट्स कार, चार ड्रायव्हर आणि गॅरेजमध्ये आम्ही अकरा जण, त्यातले निम्मे दिवसा दुसरीकडे नोकरी करणारे. आतापर्यंत आम्ही तास-दोन तासांच्या शर्यती केल्या. यंदा पहिल्यांदाच चोवीस तासांची करतोय. काका आयुष्यभर रेसिंग मेकॅनिक होते. आता निवृत्त. आमच्यातल्या एकाच्या ओळखीनं "एक चक्कर टाकून जातो" म्हणाले आणि सहा आठवडे राहिले. मानधनाचा विषय निघाला की गाडीखाली शिरायचे. गाडीखालच्या माणसाशी पैशाचं बोलता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काका, तुम्ही आलात त्या दिवशी मी तुम्हाला माझा तक्ता दाखवला होता, आठवतंय? एका टाकीत साधारण ५४ मिनिटं, म्हणजे इंधन भरायला २५ थांबे, दोन मिनिटांची एक फेरी धरली तर सातशेच्या आसपास फेऱ्या. मी खूश होते, कारण सेटिंग बदलून फेरीमागे सेकंदाचा तिसरा हिस्सा कमी करायचा आराखडा आमच्याकडे तयार होता. तुम्ही तक्ता उलटा केलात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकच गुणाकार मांडलात. एका थांब्यात दहा सेकंद वाचले तर २५ थांब्यांत २५० सेकंद. दोन फेऱ्यांहून जास्त. "तुझ्या सातशे फेऱ्यांत मिळून जेवढं मिळणार तेवढंच हे. पण तुझ्या वाटेनं गेलीस तर टायर झिजतात, ब्रेक झिजतात, ड्रायव्हर झिजतो. माझ्या वाटेनं काय झिजतं?" मी म्हटलं, आम्ही. तुम्ही म्हणालात, "तुम्ही झोपून उठलात की परत नवे."

मला तेव्हा वाटलं, आता पिट स्टॉपचा, म्हणजे या थांब्यांचा, वेग वाढवायचे धडे सुरू होणार. झालं उलटंच. पहिला आठवडाभर तुम्ही आम्हाला सावकाश काम करायला लावलंत. चाक काढा, ठेवा, आडवं ठेवा, गडगडायला नको, नवं लावा, नट घट्ट करा, हात वर. स्टॉपवॉच तुमच्या खिशात आणि खिशाची चेन बंद. आमचा चाकवाला दोनदा रुसून गेला. मीही एकदा गेले, पण माझ्या मागे कुणी समजूत काढायला आलं नाही म्हणून परत आले.

मग तो रात्रीचा सराव. पहाटे तीनला गॅरेजमध्ये हजर, आणि आदल्या दिवशी दुपारी झोपायचं नाही ही अट. पहिल्या रात्री आम्ही पुढचं उजवं चाक डावीकडे नेलं. रेडिओवर एकानं "इंधन झालं" म्हटलं, दुसऱ्यानं "इंधन नाही" ऐकलं. आमच्या शर्यतीच्या नियमात इंधन भरत असताना चाकांना हात लावता येत नाही. त्या रात्री आम्ही तीनदा लावला, म्हणजे खऱ्या शर्यतीत तीन दंड. तुम्ही ओरडला नाहीत. स्टुलावर बसून वहीत लिहीत राहिलात. सकाळी वही वाचून दाखवलीत, तर त्यात एकाही माणसाचं नाव नव्हतं. "उजव्या-डाव्या चाकांच्या खुणा एकसारख्या." "झालं, नाही: दोन्ही लहान शब्द, गोंगाटात सारखे." दुसऱ्या दिवशी उजव्या चाकांना लाल पट्टी आली, आणि रेडिओवर 'झालं' ऐवजी 'मोकळं' म्हणायचं ठरलं. पहाटे तीनला आपलं डोकं झोपलेलं असणार हे तुम्ही गृहीत धरलंत, आणि झोपलेल्या डोक्याला जमेल अशी तयारी करून घेतलीत. आम्ही मात्र तोवर जागं राहायचे उपाय शोधत होतो.

आता ब्रेकचं. हे सांगायला मला लाज वाटते, म्हणूनच सविस्तर सांगते.

चोवीस तासांत ब्रेक पॅड एकदा तरी बदलावे लागणार, तेही तापून लाल झालेल्या डिस्कवर. नवे पॅड जाड असतात. ते बसावेत म्हणून कॅलिपरमधले (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतले) पिस्टन मागे रेटावे लागतात. पण पिस्टन मागे गेले की ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाही. पेडल दोन-चार वेळा मारून पिस्टन पुन्हा पॅडपर्यंत आणावे लागतात. हे पुस्तकात वाचलेलं मला पाठ होतं. त्या दिवशी सरावाला ड्रायव्हर कुणी नव्हता, म्हणून स्टीअरिंगवर मी बसले. पॅड बदलले, चाकं लागली, गाडी जॅकवरून खाली आली आणि कुणीतरी मागून ढकलली. गॅरेजच्या दाराशी जमिनीला थोडा उतार आहे. मी ब्रेक दाबला आणि माझा पाय सरळ तळाला टेकला. पेडलमध्ये काही नव्हतंच. भिजलेल्या स्पंजावर पाय द्यावा तसं. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं गेली आणि हत्यारांच्या ट्रॉलीवर आपटली. सगळे सॉकेट खळाखळा जमिनीवर.

तुम्ही वाकून एकेक सॉकेट उचललात, मापानुसार परत खाचेत लावलेत. दहा, अकरा, तेरा. चौदाचा सापडेना, तो शोधून आणलात. मग गाडीपुढे येऊन बॉनेटवर तळहात ठेवलात, माझ्याकडे पाहिलंत आणि एकच शब्द विचारलात, "पेडल?" मी पेडल मारलं. एक, दोन, तीन, चौथ्याला कडक लागलं. अंगठा वर केला. तेव्हा हात उचललात.

तेव्हापासून आमच्याकडे पॅड बदलल्यावर एक माणूस बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो, "पेडल?" विचारतो, आणि ड्रायव्हरचा अंगठा दिसेपर्यंत हात काढत नाही. तीन सेकंद जातात. स्टॉपवॉचवाल्यानं ते तीन सेकंद कमी करायची सूचना एकदाच केली. हल्ली हा शब्द गॅरेजबाहेरही गेलाय. कुणी घरी निघाला की मागून आवाज येतो, "पेडल?", म्हणजे किल्ल्या घेतल्यास का. बंपरवरचा पोचा आम्ही अजून काढलेला नाही.

तुमच्या गोष्टींबद्दल वेगळं लिहायला हवं. इंधनाचा पाइप धरून हात भरून आले असताना तुम्ही १९५२ चं ल माँ, म्हणजे फ्रान्समधली ती प्रसिद्ध चोवीस तासांची शर्यत, सांगायला सुरुवात करायचात. पियेर लेव्हेग बावीस तासांहून जास्त वेळ एकटाच टॅल्बो गाडी चालवत होता. चांगला पुढे होता, जोडीदार तयार बसलेला, पण हा गाडी द्यायला तयार नाही. तास-सव्वा तास उरला असताना इंजिन गेलं आणि शर्यत मर्सिडीजला मिळाली. काही म्हणतात थकून गिअर चुकीचा पडला, काही म्हणतात इंजिनात आधीपासून दोष होता. तुम्ही दोन्ही सांगायचात आणि पुढे म्हणायचात, "खरं काय ते राहू दे. जोडीदार ताजातवाना बसून होता की नाही?" आज ल माँला कुठल्याही सहा तासांत एका ड्रायव्हरला चार तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही, आणि पूर्ण शर्यतीत चौदा तासांच्या वर नाही. आमच्या चौघांतला सर्वांत वेगवान ड्रायव्हर सलग तीन टाक्या मागत होता. ही गोष्ट ऐकल्यावर दोनवर आला. मी तक्ते दाखवून महिनाभर हेच सांगत होते, पण ते असो.

बेल्टचं तर त्याहून भारी. ड्रायव्हर बदलायला इंधन भरण्याइतकाच वेळ लागतो: आतला बाहेर, बाहेरचा आत, सीटमधला फोम, सहा पट्ट्यांचा बेल्ट, रेडिओची वायर, पाण्याची नळी. आमचा उंच ड्रायव्हर घाईत खांद्याचा पट्टा नेहमी पाठीखाली घेऊन बसायचा. तुम्ही त्याला १९६९ ऐकवलंत. तोवर ल माँला ड्रायव्हर रस्ता ओलांडून पळत गाडीत उड्या मारायचे आणि बेल्ट कसेतरी लावून, किंवा न लावताच, सुटायचे. जॅकी इक्स त्या वर्षी निषेध म्हणून सगळ्यांमागून चालत गेला, नीट बेल्ट लावला आणि शेवटचा निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत जॉन वूल्फ अपघातात गेला. त्यानं बेल्ट लावलेला नव्हता. आणि चोवीस तासांनी इक्स जेमतेम १२० मीटरनं जिंकला. उंच ड्रायव्हर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच खांद्याच्या पट्ट्यांना इलॅस्टिक बांधून आणलं, म्हणजे बेल्ट उघडला की पट्टे आपोआप बाजूला ओढले जातात आणि पाठीखाली येत नाहीत. कल्पना जुनीच आहे, सगळे करतात. पण आमच्याकडे ती त्यानं केली.

पिटच्या, म्हणजे गाड्या थांबतात तिथल्या, भिंतीवर चढून बसायची आमची सवयही तुम्ही एका वाक्यात मोडलीत. नारायण कार्तिकेयन २००९ मध्ये ल माँला पोहोचला आणि शर्यत सुरू होण्याआधीच त्या भिंतीवरून पडून खांदा निखळवून बसला. उरलेल्या दोघांनीच चोवीस तास गाडी ओढून सातवी आणली. आता आम्ही पायरी वापरतो.

आणि ती पिवळी रेघ. सुरुवातीला आम्हाला ती म्हातारपणाचं खूळ वाटली होती, माफ करा. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक होजचा क्लॅम्प (नळीची पकड) टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, घट्ट केला की त्याच्यावरून खालच्या भागावर जाईल अशी पिवळ्या पेननं एक रेघ. बोल्ट तसूभर फिरला तरी रेघ तुटते आणि टॉर्चच्या एका झोतात दिसते. पाना लावून बघावं लागत नाही, आठवावं लागत नाही. आमच्या गॅरेजमधल्या पोरानं कंटाळून विचारलं, "काका, एवढ्याशा क्लॅम्पनं काय होतंय?" तुम्ही २०१६ चं ल माँ सांगितलंत. टोयोटा पुढे, शर्यत संपायला जेमतेम तीन मिनिटं, आणि गाडीची ताकदच गेली. टर्बोतून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रातून) इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या पाइपाचा जोड. तेवीस तास सत्तावन्न मिनिटं सगळं बरोबर केलं होतं. पोर्श जिंकली, आणि टोयोटाची शेवटची फेरी ठरलेल्या वेळेत पूर्ण झाली नाही म्हणून निकालात तिचं नावसुद्धा नाही. पोरगा पेन घेऊन गाडीखाली गेला तो तासाभरानं बाहेर आला. कपाळावरही पिवळं होतं.

तुमचं सगळंच मला पटलं असं नाही. पॅड आधी चाचणीत तापवून, बसवून, चाकाचं नाव घालून ठेवायचे, हे शंभर टक्के. पण सुटे भाग ठेवायला कापडी पिशव्याच हव्यात हा तुमचा हट्ट मला अजून कळलेला नाही. तुम्ही गेल्यावर आम्ही पारदर्शक डबे आणलेत. आतलं दिसतं. रागवा हवं तर.

काल शेवटचा पूर्ण सराव झाला. पहाटे तीनला, न झोपता. बारा थांबे केले, चुका दोन झाल्या, दोन्ही वहीत गेल्या, नावाशिवाय. स्टॉपवॉच माझ्याच खिशात होतं, चेन बंद. सगळं संपल्यावर आकडे पाहिले. किती ते इथे लिहीत नाही, दुसरे संघही वाचतात. पण तुम्ही उलट्या तक्त्यावर मांडलेला गुणाकार मी भिंतीला लावलाय आणि त्यातले दहा सेकंद खोडून दुसरा आकडा लिहिलाय. तो मोठा आहे, एवढं सांगते.

गुडघ्यामुळे शर्यतीला येता येणार नाही म्हणालात. हरकत नाही. बॉनेटवर हात ठेवायला त्या रात्री मीच उभी राहणार आहे. मागून घेतलंय ते काम.

तुमची,
तक्तेवाली

ता. क. — गाडीचं सांगते. तुमच्या वहीत क्लॅम्प ४२ आहेत, मला दोनदा मोजून ४१ च भरले. रात्रभर झोप नाही. आज सकाळी छोटा आरसा घेऊन पुन्हा गेले. ४२ वा रेडिएटरच्या मागे, खालच्या अंगाला आहे. रेघ सरळ आहे.