पुरस्कार एकाला, काम दोघांचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकेच्या हयात वास्तुविशारदांवरचा लेख वाचला. असा विषय घेतल्याबद्दल आपले आभार. परंतु हयात व्यक्तींवरच्या या लेखात २०१८ साली निवर्तलेल्या रॉबर्ट व्हेंच्युरी यांना अख्खा परिच्छेद मिळावा आणि नव्वदी ओलांडलेल्या डेनिस स्कॉट ब्राउन यांची त्यांची पत्नी म्हणून अर्ध्या वाक्यात बोळवण व्हावी, हे मला मुळीच मान्य नाही.

स्कॉट ब्राउन १९६९ पासून व्हेंच्युरींच्या फर्मच्या भागीदार होत्या. नगररचना हा त्यांचा विषय. व्हेंच्युरींना १९६६ साली लास व्हेगास पाहायला त्यांनीच नेले आणि तेथील रस्ते, पाट्या व वाहनतळ यांचा जो अभ्यास पुढे जगभर गाजला, त्याची सुरुवात तिथून झाली. लंडनच्या नॅशनल गॅलरीचा सेन्सबरी विभाग दोघांचा आहे. जुन्या इमारतीलगत दाटीने उभे असलेले अर्धस्तंभ पुढे सरकताना विरळ होत जातात, ही दर्शनी भिंत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आजही दाखवली जाते. तो विभाग १९९१ साली खुला झाला आणि त्याच वर्षी वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार एकट्या व्हेंच्युरींना मिळाला. स्कॉट ब्राउन त्या समारंभाला गेल्या नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी योग्यच केले. पुरस्कार एकाच व्यक्तीला देण्याची प्रथा होती, असे समर्थन केले जाते. मग १९८८ साली तो गॉर्डन बनशाफ्ट आणि ऑस्कर निमायर या दोघांना कसा दिला गेला? २०१३ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी ही चूक सुधारण्यासाठी सह्यांची मोहीम उघडली, तेव्हा खुद्द व्हेंच्युरींनी तिच्यावर सही केली. तरीही पुरस्कार समितीने नकार दिला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या वास्तुविशारदांच्या संघटनेने मात्र नियम बदलला आणि २०१६ चे सुवर्णपदक दोघांना दिले. आपल्या लेखात प्रित्झकरचा उल्लेख आहे, या पदकाचा नाही.

हे मी तावातावाने लिहिते आहे, कारण मी स्वतः वास्तुविशारद आहे आणि पतींच्या बरोबरीने व्यवसाय करत आले आहे. आमच्या जिल्ह्यातील एका शाळेची इमारत आम्ही केली. पश्चिमेचे ऊन वर्गात येऊ नये म्हणून त्या बाजूला रुंद व्हरांडा घ्यावा आणि खिडक्यांचे उंबरे बसलेल्या मुलाला बाहेरचे दिसेल इतके खाली आणावेत, हे माझे म्हणणे होते. त्यासाठी मी संस्थाचालकांशी भांडले आणि स्लॅबच्या दिवशी गवंड्यांसोबत रात्री उशिरापर्यंत उभी राहिले. उद्घाटनाला पाहते तो संगमरवरी पाटीवर केवळ पतींचे नाव. त्यांना व्यासपीठावर शाल आणि श्रीफळ, मला खाली पहिल्या रांगेत बसवून खणानारळाची ओटी. ओटीचा मान मी कधी कमी लेखलेला नाही; परंतु तो कोणत्याही सुवासिनीला मिळतो, त्यासाठी नकाशे काढावे लागत नाहीत. पतींनी भाषणात काम दोघांचे असल्याचे स्पष्ट सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वृत्तपत्रातील बातमीत भाषण आले, पण नेमके ते वाक्य गळले. ती पाटी आजही तशीच आहे.

नावे बरोबरीने लिहिणे अवघड नसते. टॉड विल्यम्स आणि बिली त्सियेन या न्यूयॉर्कच्या दांपत्याची फर्म दोघांच्या नावाने चालते. मुंबईत अंधेरीला जुनी झाडे राखून उभारलेले टाटा कन्सल्टन्सीचे बनियन पार्क त्यांचेच आहे. मराठी वाचकाच्या इतक्या जवळच्या या वास्तूचा लेखात उल्लेखही असू नये, याचेही वाईट वाटले.

आणखी एक. माया लिन यांना लेखात चिनी म्हटले आहे. त्यांचा जन्म १९५९ साली ओहायोतील अथेन्स गावी झाला. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकाची स्पर्धा १९८१ मध्ये त्यांनी जिंकली तेव्हाही त्यांच्या पूर्वजांच्या देशावरून त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले होते. स्कॉट ब्राउन आणि माया लिन यांच्याविषयीच्या या दोन्ही बाबींची दुरुस्ती येत्या रविवारी, त्याच पुरवणीत आणि तितक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
एक वास्तुविशारद वाचक, सांगली