माळरानावर खड्डे खणण्याआधी

महोदय,

जूनमधल्या वृक्षारोपणासाठी एप्रिल-मेमध्येच माळावर खड्डे खणायला घेतात. नेमक्या याच दिवसांत माळटिटवी आणि धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मातकट रंगाची, काळ्या डागांची ही अंडी मुरमाच्या खड्यांत अशी मिसळून जातात की दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत. जेसीबी चालवणाऱ्याला ती कुठून दिसणार?

कागदोपत्री 'पडीक' असलेला माळ ओसाड असतो, ही समजूतच घातक आहे. कमी पावसाच्या, वीतभर मातीच्या जमिनीवर गवत हीच मूळची वनस्पती. तिथे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडे दाट लावली की सावलीखाली गवत विरळ होते. गिरिपुष्पाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे ते जगते आणि जगलेल्या रोपांचा आकडा अहवालात शोभून दिसतो. काळवीट, खोकड, लांडगा यांचे काय झाले, हे त्या आकड्यात येत नाही. माळढोकाला तर चहूबाजूंनी दूरवर मोकळी जमीन लागते आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात अभयारण्य जाहीर झाले; आज देशातले बहुतेक माळढोक राजस्थानात उरले आहेत.

जागा ठरवण्याआधी पावसाळ्याच्या अखेरीस माळ पायी फिरून पाहावा. शेडा, पवन्या, मारवेल या गवतांचे ठोंब दिसले, तर तिथे खड्डा नकोच. नुसतेच कुसळी गवत माजले असेल, तर चराई जास्त झाली आहे; दोन पावसाळे चराई बंद ठेवली की जुने ठोंब बऱ्याचदा पुन्हा फुटतात. ठोंबच उरले नसतील, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्याच माळावरून बी हाताने ओरबाडून घ्यावे. ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून ते कोरड्या जागी पुढच्या जूनपर्यंत ठेवावे. चाळलेली माती आणि शेणखतात कालवून हेक्टरी चार ते सहा किलो पेरावे. वर मातीचा थर एक सेंटिमीटरहून जाड नको. बी खोल गेले की कोंब वर येतच नाही, आणि बहुतेक पेरण्या इथेच फसतात.

गवत बी झडल्यावरच कापावे, तेही मधून कडेकडे, म्हणजे आत लपलेल्या प्राण्यांना निसटता येते. मेंढपाळांना हुसकावून मात्र काहीच साधणार नाही. त्यांच्याशी बसून माळाचे चार भाग पाडावेत आणि दर वर्षी एक भाग आळीपाळीने चराईला बंद ठेवावा. झाडे जरूर लावावीत, पण ओढ्याकाठी, बांधावर आणि खोल मातीत.

– माळरानांचे अभ्यासक